डिले न वापरता कूलरचा पंप कसा चालवायचा

नागपुरात ऊन तापायला लागलं की घरोघरी कूलर निघतात, आणि अर्डुइनोची (कोड टाकून यंत्रं चालवायचा छोटा बोर्ड) आवड असलेल्यांच्या डोक्यात पहिला प्रोजेक्ट हाच येतो की पंप दिवसभर चालू ठेवण्यापेक्षा 3 मिनिटं चालू, 4 मिनिटं बंद करू, म्हणजे गवत ओलं राहतं आणि खोलीत चिपचिप कमी होते. मग कोड काय लिहिला जातो? रिले (पंपची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) चालू, डिले (इतके मिलिसेकंद थांब, असं सांगणारी आज्ञा) 180000, रिले बंद, डिले 240000. चालतं हे, पण डिले सुरू असताना तुमचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा मुख्य कोड, तिथेच थांबलेला असतो, बटण दाबलं तरी कळत नाही, आणि मे महिन्यात दुपारी टाकी रिकामी झाली तर फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीबरोबर वरखाली होणारा) खाली बसून इशारा देऊन राहिला तरी त्याच्याकडे बघायला कोणी नाही, पंप कोरडाच फिरतो. हे छोटे पंप पाण्यातच थंड राहतात, कोरडे चालले की तापतात आणि जळतात.

म्हणून थांबायचं नाही, फक्त वेळ लिहून ठेवायची आणि लूपच्या प्रत्येक फेरीत घड्याळ बघून पुढे जायचं. घड्याळ म्हणजे मिलिस फंक्शन, बोर्ड चालू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते सांगतं. पंप चालू केला त्या क्षणी मिलिसचा आकडा पंपवेळ नावाच्या व्हेरिएबलमध्ये (आकडा साठवायच्या जागेत) ठेवा. मग लूपमध्ये एवढंच, यात आत्ता म्हणजे या क्षणीचा मिलिसचा आकडा:

जर (आत्ता − पंपवेळ >= पंपअवधी) तर पंपची स्थिती उलटी करा, पंपवेळ = आत्ता, आणि नवीन स्थितीप्रमाणे पंपअवधी 3 किंवा 4 मिनिटं करा.

नाही झाली वेळ, तर काही न करता खालच्या ओळीवर. फॅन, बटण, फ्लोट, एलईडी, ज्याला ज्याला वेळ मोजायचीय त्याचं आपापलं वेळेचं व्हेरिएबल ठेवा, एकच सगळ्यांना वापरू नका.

आता आकड्यांचं बघा, कारण जास्तीत जास्त लोक इथेच अडकतात. वेळेची सगळी व्हेरिएबल्स अनसाइन्ड लाँग (उणे न होणारा मोठा पूर्णांक) पाहिजेत. युनोवर (अर्डुइनोचा एक बोर्ड) साधा इंट, म्हणजे छोटा पूर्णांक, 32767 पर्यंतच जातो, म्हणजे जेमतेम 32 सेकंद. आणि व्हेरिएबल बरोबर असलं तरी 3 * 60 * 1000 असं लिहिलं की गुणाकार इंटमध्येच होतो, 180000 त्यात मावत नाही, उत्तर उणे 16608 येतं, ते अनसाइन्ड लाँगमध्ये टाकलं की होतं 4294950688, म्हणजे पंप जवळपास 50 दिवस बंदच होणार नाही! सेटिंगमध्ये वॉर्निंग चालू असली तर कंपायलर (कोड बोर्डाच्या भाषेत बदलणारा प्रोग्राम) ती देतो, पण ती वाचतो कोण. आकड्याला चिकटून यूएल (अनसाइन्ड लाँगची खूण) लावा, 3यूएल * 60 * 1000, झालं काम.

दुसरं, मिलिस साधारण 49.7 दिवसांनी पुन्हा शून्यावर येतं. 25 मार्चला बोर्ड चालू करून तसाच ठेवला तर ऐन मे महिन्यात, 13-14 तारखेला हे होणार. वजाबाकी वर लिहिली तशीच ठेवली तर काहीच बिघडत नाही. समजा पंपवेळ 4294967290 आहे आणि आत्ता 10, तर अनसाइन्ड वजाबाकीचं उत्तर 16 येतं, आणि तेच खरं आहे. पण कोणी (आत्ता >= पंपवेळ + पंपअवधी) असं लिहिलं की त्या दिवशी गडबड होते. दिसायला दोन्ही सारखेच, म्हणून सांगून राहिलो, बेरीज नको, वजाबाकीच करा.

फ्लोटला मात्र जरा प्रेमाने हाताळावं लागतं. कूलरच्या टाकीत गवतावरून पाणी सारखं गळत असतं, त्या लाटांनी फ्लोट वरखाली होतो, आणि नुसतं वाचून लगेच रिले हलवला तर रिले कटकट-कटकट करत बसेल. म्हणून फ्लोट खाली गेला की त्याची वेळ लिहा, सलग 1 सेकंद खालीच राहिला तर पंप बंद. परत चालू करताना घाई नको, सलग 10 सेकंद वर राहिला तरच चालू. मध्ये एकदा जरी हलला तरी वेळ नव्याने लिहायची. पंपच्या स्थिती मग दोन नाही तर तीन ठेवा: चालू, विश्रांती, पाणी संपलं. तिसऱ्या स्थितीत 3-4 मिनिटांचा हिशोब बघायचाच नाही.

एवढं करूनही कोड अडखळत असेल तर लायब्ररीतले (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडमधले) लपलेले डिले शोधा. डीएस18बी20 टेंपरेचर सेन्सर 12 बिटवर (सर्वात बारीक मापावर) एका वाचनाला 750 मिलिसेकंदांपर्यंत घेतो आणि डॅलस लायब्ररी तोवर थांबून राहते, तिला सेटवेटफॉरकन्व्हर्जन फॉल्स सांगा आणि वाचन मागितल्याची वेळ लिहून 750 नंतर आकडा घ्या. कॉम्प्युटरवरून आलेला मजकूर वाचणारं सिरियल रीडस्ट्रिंगही 1 सेकंद अडवतं.

तपासायला 230 व्होल्टची वायर जोडूच नका, नुसता रिले ठेवा. अवधी 10 आणि 5 सेकंद करा, रिले चालू असताना फ्लोट हाताने खाली दाबून धरा, सेकंदाभरात टक् आवाज आला पाहिजे. उशीर लागला तर अजून कुठेतरी काहीतरी थांबून आहे, ते सापडल्याशिवाय पंप जोडू नका.