जोडीने चालणाऱ्या दोन कंट्रोलरना ऑपरेटरचा संगणक जोडताना

चिकोडी-निपाणी पट्ट्यातील साखर कारखान्यात बॉयलरवर दोन पीएलसी (यंत्रे चालवणारे औद्योगिक कंट्रोलर) जोडीने, म्हणजे एक बंद पडल्यास दुसरा काम सांभाळेल असे, चालत असतील, तर ऑपरेटरचा संगणक जोडण्याचे काम गळीत हंगामापूर्वीच उरकावे. प्रथम दोन्ही पीएलसींचे सीपीयू (मुख्य भाग) आणि संगणक यांना एकाच सबनेटमधील (नेटवर्कच्या एकाच गटातील) वेगवेगळे आयपी पत्ते द्यावेत आणि पिंग करून, म्हणजे ते एकमेकांना उत्तर देतात का ते, पाहावे.

पुढची पायरी मॉडेलवर अवलंबून आहे. सीमेन्सच्या एस७-१५००आर/एच प्रणालीत सिस्टिम आयपी नावाचा सामाईक पत्ता ठरवता येतो. प्रायमरी (त्या वेळी नियंत्रण करणारा) सीपीयू बंद पडल्यास तो पत्ता दुसऱ्याकडे जात असल्याने ऑपरेटरच्या स्क्रीनची जोडणी त्याच पत्त्यावर करावी. जुन्या एस७-४००एचमध्ये ही सोय नाही. तेथे संगणकावर रेडकनेक्ट हे सॉफ्टवेअर घालून, दोष सहन करणारी एस७ जोडणी नेटप्रोमध्ये (सीमेन्सच्या जोडण्या आखण्याच्या साधनात) आखावी लागते आणि ती संगणक व पीएलसी अशा दोन्ही बाजूंना डाउनलोड करावी लागते. (एकच बाजू डाउनलोड करून तासन्‌तास केबल तपासत बसण्याची चूक मीही केली आहे.)

दोन्ही पीएलसींच्या केबल एकाच नेटवर्क स्विचमध्ये खोचल्या, तर तो स्विच बिघडताच स्क्रीन आंधळी होते.

शेवटी बॉयलर थंड असताना प्रायमरीचा वीजपुरवठा तोडून ड्रममधील पाण्याच्या पातळीचा आकडा काही क्षणांत पुन्हा हलू लागतो का, ते पाहावे.