पाळायचे उंदीर, सापाला द्यायचे उंदीर: घरच्या पैदाशीचा हिशेब

बॉल पायथन (आफ्रिकेतला लहान अजगर) पाळणारे पुष्कळजण कधी ना कधी घरी उंदरांची जोडी आणतात. फ्रोझन उंदीर वेळेवर मिळेल याची खात्री नसते आणि दुकानातला जिवंत उंदीर काय खाऊन वाढलाय ते कळत नाही. पिल्लं जास्त झालीच तर ती ‘पेट रॅट’ म्हणून देऊन टाकू, असा बेत असतो. गोंधळ इथेच सुरू होतो. जन्माला किती घालायचे हे जोडी लावण्याआधी ठरलेलं हवं, उरलेल्यांचं काय करायचं हे नंतर शोधायचं नसतं.

म्हणून आधी कागद-पेन घ्या. दीड किलोच्या बॉल पायथनला दर दोन आठवड्यांनी स्वतःच्या वजनाच्या पाच-सहा टक्के, म्हणजे ८०-९० ग्रॅमचा एक उंदीर पुरतो. वर्षाला २६ झाले. हा साप थंडीत बरेचदा महिना-दोन महिने खाण्याकडे पाठ फिरवतो, ते धरलं तर २२ ते २४. मादी एका वेताला साधारण ८ ते १२ पिल्लं देते. म्हणजे एका सापाला वर्षाकाठी दोन, फार तर तीन वेतं. आता एक नर आणि दोन माद्या कायम एकत्र ठेवून बघा. गाभणकाळ २१ ते २३ दिवसांचा, आणि व्याल्यावर २४ तासांच्या आत मादी पुन्हा माजावर येते. अंगावर पिल्लं पीत असतानाच पोटात पुढचं वेत. सहा महिन्यांत शंभरी सहज ओलांडते, मादीची हाडं वर येतात आणि पिल्लं खुरटी निघतात. एकच साप असेल तर पैदाशीच्या फंदात न पडलेलंच बरं. चार-पाच साप असलेल्या माणसाकडून गोठवलेले उंदीर घ्यावेत.

कायद्याचं थोडक्यात. धामण, नाग, आपला अजगर असे देशी साप घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. बॉल पायथन परदेशी असला तरी साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

नर कधी लावायचा, कधी काढायचा

पहिल्या वेतासाठी मादी चार ते सहा महिन्यांची आणि अडीचशे ग्रॅमच्या आसपास असावी. आठ महिन्यांच्या पुढे पहिलं वेत नको, अडायची भीती असते. माजाचं चक्र चार-पाच दिवसांचं असल्यामुळे नर दहा दिवस ठेवला की दोन माज पकडले जातात. मग नर बाहेर, मादी व्यायच्या आत. पिल्लं तुटल्यावर मादीला किमान दोन महिने विश्रांती, आणि आयुष्यात तीन वेतं, बस्स.

पिल्लांचं दूध तीन आठवड्यांत तुटतं, पण चौथ्या आठवड्यापर्यंत आईजवळ राहिलेली पिल्लं अंगाने भरतात आणि कमी बुजतात. पाचवा आठवडा भरायच्या आत नर वेगळे करा. हा आठवडा चुकला तर बहिणी आणि आई गाभण राहतात, आणि मघाचा सगळा हिशेब पाण्यात. नर-मादी ओळखायला आठव्या ते दहाव्या दिवशी पिल्लं उताणी करून बघा: माद्यांच्या पोटावर सडांचे ठिपके दिसतात. अंगावर लव दाट झाली की ते झाकले जातात.

खाद्याचा उंदीर सहा आठवडेच जगणार, मग त्याला जागा कशाला, असं सर्रास बोललं जातं. त्याच्यापुरतं ते सहा आठवडे म्हणजे सगळं आयुष्य असतं. पाळायचा असो की खाद्याचा, राहणी एकच: सपाट तळ (जाळीवर पायांना जखमा होतात), कागदाच्या कपट्यांचा जाड थर, लपायला खोकं, कुरतडायला लाकूड, एकटा कुणीच नाही. देवदाराच्या वासाचा भुसा नको. टबाचं झाकण उघडल्यावर नाकाला झोंबलं तर साफसफाईला उशीर झालाय असं समजा. मुताच्या अमोनियाने छातीतला मायकोप्लाझ्मा हा जिवाणू उसळतो आणि उंदीर शिंकायला, घरघरायला लागतात. डोळ्यांभोवती दिसणारा लाल रंग रक्त नसतो. तो पोर्फिरिन, म्हणजे डोळ्यातल्या स्रावाचा रंग. तो दिसला की उंदीर आजारी आहे किंवा ताणात आहे. मोठ्या उंदराला दिवसाला १५-२० ग्रॅम पेलेट (तयार गोळी-खाद्य), दूध पाजणाऱ्या मादीला त्याच्या दुप्पट-तिप्पट. तिशीच्या वर पारा गेला की उंदीर धापा टाकतात. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत कूलरशिवाय वेत घेऊच नये. पावसाळ्यात खाद्याचे डबे घट्ट बंद ठेवा, नाहीतर घरातले रानटी उंदीर त्यावर मुतून लेप्टोस्पायरोसिस आणतात.

कोण सोबतीला, कोण सापाला

सोपी वाटणारी वाटणी अशी: माणसाळलेले, देखणे उंदीर लोकांना द्यायचे, चावरे सापाला. एका वेतापुरतं हे ठीक. पण खाद्यासाठी पैदास करणारा नकळत पटकन वाढणारी, भरपूर पिल्लं देणारी ओळ (वंश) निवडत जातो. ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत संपतात. त्याच ओळीच्या माद्यांना दीड वर्षाने स्तनात गाठी येतात की नाही, छाती किती टिकते, म्हातारपणी नर तिरसट होतात का, हे कुणाला कळतच नाही, कारण म्हातारपण कुणी पाहिलेलंच नसतं. दोन-अडीच वर्षं साथ मिळेल म्हणून एखादी मुलगी पिल्लू घरी नेते, आणि चौदाव्या महिन्यात जनावरांच्या डॉक्टरांच्या चकरा सुरू होतात.

यावर उपाय एकच आणि तो खर्चिक आहे. प्रत्येक ओळीतल्या दोन माद्या आणि दोन नर नैसर्गिक मरणापर्यंत सांभाळायचे. वहीत चार रकाने पुरतात: जन्मतारीख, महिन्याचं वजन, आजार, मरणाचं वय आणि कारण. ज्या ओळीची अशी नोंद नाही तिची पिल्लं पाळायला देऊ नयेत. दिलीच तर ‘यांच्या आई-बापाचं म्हातारपण आम्ही पाहिलेलं नाही’ असं तोंडावर सांगावं. केस नसलेल्या माद्यांना पान्हा नीट फुटत नाही. त्यांना मागणी असली तरी त्यांचं वेत घेऊ नये.

बाहेरून आणलेला उंदीर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत. २०१७ मध्ये अमेरिकेत सोल विषाणू (उंदरांतून माणसाला लागणारा हंता गटातला विषाणू) घरगुती पैदास करणाऱ्यांच्या उंदरांतून एका राज्यातून दुसऱ्यात गेला आणि माणसांनाही लागला, तो याच देवाणघेवाणीतून.

मारणं

हे जमणार नसेल तर पैदास करू नका. सापासमोर जिवंत उंदीर सोडणं हा त्यातून सुटायचा मार्ग नाही. भूक नसलेला साप गप्प बसतो आणि उंदीर रात्रीत त्याची पाठ मणक्यापर्यंत कुरतडतो. नुसत्या करमणुकीसाठी एका प्राण्याला दुसऱ्याचं भक्ष्य म्हणून कोंडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्हा आहे. व्हिडिओ काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

घरी करता येण्यासारखी पद्धत कार्बन डायऑक्साइडची: सिलिंडर, रेग्युलेटर, फ्लोमीटर (वायूचा वेग मोजणारं यंत्र). सोडा-व्हिनेगर चालत नाही, त्याने वायूचा वेग ताब्यात राहत नाही. उंदीर त्यांच्याच टबात, सोबत्यांसह, अंधारात ठेवा. वायू दर मिनिटाला टबाच्या आकारमानाच्या ३० ते ७० टक्के इतका सोडा: ३० लिटरच्या टबाला मिनिटाला ९ ते २१ लिटर. आधीच भरलेल्या टबात उंदीर टाकू नका. दाट वायूचं नाकातल्या ओलाव्यात आम्ल होतं आणि शुद्ध हरपण्याआधी आग होते. टब परत वापरण्याआधी उपडा करून हवा खेळवा, हा वायू जड असतो, तळाशी साचून राहतो. श्वास थांबल्यावरही दोन-तीन मिनिटं वायू चालू ठेवा. मग छाती दोन बोटांत धरून ठोका तपासा, बुबुळाला हलका स्पर्श करून पापणी हलते का बघा. तरी शंका राहिली तर शरीर ताठ होईपर्यंत फ्रीजरमध्ये ठेवू नका. मेलेला समजलेला उंदीर फ्रीजरमध्ये शुद्धीवर येणं, ही या कामातली सगळ्यात वाईट चूक.

दहा दिवसांच्या आतल्या पिल्लांवर हा वायू फार हळू चालतो, नवजाताला अर्ध्या तासाहून जास्त लागू शकतं. त्यामुळे ‘पिंकी’ (लव न आलेली नवजात पिल्लं) लागणारच नाहीत असं नियोजन करा. बॉल पायथनचं पिल्लूही लव आलेलं, १५ ग्रॅमच्या आसपासचं पिल्लू गिळतं. जिवंत पिल्लं गोठवणं किंवा बुडवणं कुठल्याच वयात नको.

औषध चालू असलेला, गाठ असलेला, शिंकणारा उंदीर सापाला देऊ नका. बाकीचे तारीख घालून पिशवीत, उणे १८ अंशांवर. फ्रीजर वेगळा हवा, भाजीच्या शेजारी नको, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू गोठून मरत नाही. द्यायच्या आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग पिशवीसकट ४० अंशांच्या पाण्यात पंधरा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये आतडं शिजतं, पोट फुटतं.

पाळायला देताना

पिल्लं सहा आठवड्यांच्या पुढे, एकाच लिंगाची, जोडीनेच द्या. घेणाऱ्याला साप आहे का, हे सरळ विचारा. असला तर त्यात गैर काही नाही, त्याला गोठवलेले द्या. आणि तुम्ही उंदीर सापांनाही घालता, हे घेणाऱ्याला पिंजरा हातात देण्याआधी सांगा. काहीजण तिथूनच परत जातील, जाऊ द्या. उरलेल्या पिल्लांना घर मिळालं नाही तर ती तुमच्याकडेच वाढतील, म्हणून एक मोठा पिंजरा कायम रिकामा असू द्या. विश्रांतीला बसवलेल्या माद्यांची जागाही तिथेच. तीन वेतं दिलेली मादी सापाच्या टोपलीत जाणार नाही, हे पहिलं वेत घेण्याआधीच ठरवून ठेवा. चारशे ग्रॅमची मादी तशीही बहुतेक बॉल पायथनना मोठीच पडते.