नशेतला माणूस दिसला तर आधी श्वास बघा

उभ्या उभ्या पेंगणारा, कमरेत वाकून डुलणारा माणूस सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. जो येरझाऱ्या घालतोय, दात चावतोय, घामानं निथळतोय, त्याच्यापासून मात्र चार-पाच पावलं लांब राहा. समोर छाती काढून उभं राहू नका. जरा तिरपे उभे राहा, हात मोकळे आणि दिसतील असे ठेवा, त्याची निघायची वाट अडवू नका. आवाज खाली, वाक्यं छोटी. पैसे मागितले आणि द्यायचे नसतील तर ‘नाहीत’ एवढंच सांगा, पाकीट बाहेर काढू नका. मोबाइल रोखून शूटिंग तर अजिबात नको. निम्मी भांडणं तिथूनच पेटतात.

खरी घाई असते ती निपचित पडलेल्या माणसाच्या बाबतीत. ‘झोपलाय’ म्हणून लोक पुढे जातात आणि तो तिथेच दगावतो. मोठ्यानं हाक मारा, खांदा हलवा, तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधल्या हाडावर मुठीची पेरं जोरात घासा. मग दहा सेकंद छातीकडे बघा. निरोगी माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. पाच-सहा सेकंदांत एकही श्वास दिसत नसेल, ओठ-नखं निळसर किंवा राखाडी पडली असतील, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर हेरॉइनसारख्या अफूजन्य नशेनं श्वास बंद पडत चाललाय. घशातली घरघर म्हणजे घोरणं नव्हे.

लगेच रुग्णवाहिका बोलवा. नॅलोक्सोनचा (अफूजन्य नशा उतरवणाऱ्या औषधाचा) स्प्रे मिळाला तर एका नाकपुडीत पूर्ण दाबा. दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर दुसरा डोस दुसऱ्या नाकपुडीत. नशा वेगळी निघाली तरी त्यानं अपाय होत नाही. तोवर डोकं मागे, हनुवटी वर, नाक दाबून दर पाच सेकंदांना एक फुंकर, छाती उचलली जाईल इतकीच. श्वास मुळीच नसेल आणि नाडीही लागत नसेल तर छाती दाबायला घ्या: मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल. श्वास नीट चालू असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकत नाही. तोंडात पाणी, दूध, मीठ काहीही घालू नका. शुद्धीवर येताना तो चिडेल, कारण नशा एका झटक्यात उतरलेली असते. तरी थांबवून ठेवा: औषधाचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो.

रुमालात पंक्चरचं सोल्युशन हुंगणाऱ्या पोरांवर ओरडू नका, त्यांच्यामागे धावू नका. त्या वाफांनी हृदय इतकं हळवं झालेलं असतं की दचकून पळताना ते जागीच थांबू शकतं. शांतपणे मोकळ्या हवेत बसवा.

पडलेली सुई दिसली तर टोपण परत लावायच्या फंदात पडू नका. जाड प्लॅस्टिकचा डबा जमिनीवर ठेवा, हातात धरू नका. चिमट्यानं सिरिंज मधोमध पकडून टोक खाली करून आत सोडा. टोचलीच तर साबण-पाण्यानं धुवा, पिळू नका, चोखू नका. एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि हेपटायटिस बीच्या लसीचंही विचारा.