पुठ्ठ्याच्या यानाला वजन कसे आणावे

‘फायरबॉल एक्स-एल ५’ ही मुलांसाठीची ब्रिटिश बाहुली-मालिका २८ ऑक्टोबर १९६२ रोजी दूरचित्रवाणीवर सुरू झाली. जेरी आणि सिल्व्हिया अँडरसन यांच्या कंपनीने लंडनजवळच्या स्लाउ येथील औद्योगिक वसाहतीत तिचे ३९ कृष्णधवल भाग तयार केले. कथेचा काळ २०६२ सालचा आहे. स्टीव्ह झोडियाक हा नायक, डॉक्टर व्हीनस, प्राध्यापक मॅटिक आणि रॉबर्ट नावाचा पारदर्शक यंत्रमानव असे चौघे जण एका लांबलचक यानातून अंतराळात गस्त घालतात. हे यान सरळ उभे राहून उडत नाही. ते रुळांवरच्या रॉकेटगाडीवर आडवे ठेवलेले असते, ती गाडी वेग घेत शेवटच्या चढावर जाते आणि तेथून यान आकाशात झेपावते. जवळजवळ प्रत्येक भागात येणारा हा उड्डाणाचा प्रसंग आज पाहतानाही खरा वाटतो, कारण त्या यानाला वजन आहे असे डोळ्यांना पटते. मालिकेतील दृश्यपरिणामांचे काम डेरेक मेडिंग्ज यांच्याकडे होते आणि हे वजन त्यांनी मुख्यतः काळ ताणून मिळवले. मोबाइलमध्ये मंदगती चित्रणाची सोय असेल, तर तोच प्रसंग घराच्या गच्चीवर कसा चित्रित करता येईल, ते येथे दिले आहे.

सर्वप्रथम गणित समजून घ्यावे, कारण बाकीचे सारे त्यावर अवलंबून आहे. साठ मीटर उंचीवरून सोडलेल्या दगडाला जमिनीवर पोहोचायला सुमारे साडेतीन सेकंद लागतात. आपले कल्पित यान साठ मीटर लांबीचे मानले आणि त्याची प्रतिकृती चौसष्टाव्या हिश्श्याची, म्हणजे साधारण ९४ सेंटिमीटरची केली, तर प्रतिकृतीच्या जगात तेवढेच पडणे एका मीटरहून थोडे कमी, म्हणजे ९४ सेंटिमीटरचे होते आणि ते अर्ध्या सेकंदाच्याही आत संपते. पाहणाऱ्याचा मेंदू हा फरक लगेच पकडतो आणि ‘हे खेळणे आहे’ असा निकाल देऊन मोकळा होतो. पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून चौसष्टचे वर्गमूळ आठ, इतक्या पटींनी चित्रण मंद केले की हिशेब जुळतो. मोबाइलवर सेकंदाला २४० चौकटी (फ्रेम) टिपून त्या सेकंदाला ३० या गतीने दाखवल्या, तर नेमका आठपट मंदावा मिळतो. मोबाइल फक्त १२० चौकटीच टिपत असेल, तर मंदावा चारपट येतो आणि प्रतिकृती सोळाव्या हिश्श्याची हवी. साठ मीटरचे यान मग पावणेचार मीटरचे होईल, म्हणून अशा वेळी यानच लहान कल्पावे हे शहाणपणाचे.

यानाच्या धडासाठी कापडाच्या दुकानात तागा गुंडाळलेली जाड पुठ्ठ्याची नळी मागावी. बहुतेक दुकानदार ती आनंदाने देतात. नाकासाठी शाम्पूच्या बाटलीचा वरचा भाग आणि पंखांसाठी जाड पुठ्ठा पुरतो. थर्मोकोल मात्र टाळावा. तो फारच हलका असतो, शिवाय पुढे ठिणग्यांशी संबंध येणार आहे आणि थर्मोकोल वितळून घातक धूर सोडतो. धडावर रिकाम्या रिफिली, औषधांच्या बाटल्यांची बुचे, मोडक्या खेळण्यांचे दाते असे बारीकसारीक तुकडे चिकटवून सगळ्यावर एकच राखाडी रंग द्यावा. त्यानंतर ज्या पायरीचा कंटाळा केला जातो ती येते: यान मळवायचे. पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने सांध्यांवर चोळावी आणि शेपटाकडे काजळीचे फराटे ओढावेत. नवेकोरे चकचकीत यान कोठेही गेलेले नसते, आणि ते पाहणाऱ्यालाही कळते.

रुळांसाठी सरकत्या खिडकीचे तीन मीटर लांबीचे दोन ॲल्युमिनियमचे चॅनेल भंगारवाल्याकडे मिळतात. ते टेबलांवर समांतर बसवून शेवटचा अर्धा मीटर विटांच्या आधाराने किंचित वर उचलावा. चाके लावलेली फळी ही आपली रॉकेटगाडी. तिच्यावर यान नुसते टेकवावे, बांधू नये. मागच्या बाजूला दोन खुंट्या असल्या की पुरे. गाडीला दोरी बांधून ती रुळाच्या टोकाजवळील कप्पीवरून घ्यावी आणि कठड्यापलीकडे वाळूच्या पिशवीला जोडावी. यान आणि गाडी यांचे वजन मिळून सहाशे ग्रॅम असेल, तर सव्वा किलोची पिशवी चालते. पिशवी सोडली की तीन मीटरचे अंतर साधारण एका सेकंदात पार होते, पडद्यावर ते आठ सेकंद चालते, आणि टोकाशी सेकंदाला सहा मीटर असलेला वेग चौसष्टाव्या हिश्श्याच्या जगात ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास वाटतो. पिशवी जमिनीला टेकण्याची आणि गाडी टोकाच्या फोमवर आदळण्याची वेळ एकच येईल अशी दोरीची लांबी ठरवावी. गाडी थांबते आणि यान पुढे निघते. पुढे दोघांनी चादर ताणून धरलेली असावी. माझ्या पहिल्या प्रयत्नात चादर धरणारे दोघेही यानाकडे पाहत राहिले आणि यान थेट तुळशीच्या कुंडीत उतरले. पिशवी पडण्याच्या जागी खाली कोणी येणार नाही, यासाठी एका मोठ्या माणसाने तेथे बाजूला उभे राहावे. याला पर्याय नाही.

भूमी तयार करण्याचे काम दिवाळीत किल्ले बांधणाऱ्या मुलांवर निर्धास्त सोपवावे. मात्र किल्ल्याची सवय येथे एका बाबतीत आड येते. चौसष्टाव्या हिश्श्याच्या जगात एक सेंटिमीटरचा खडा हा दोन फुटांचा धोंडा ठरतो, म्हणून माती मैद्याच्या चाळणीतून चाळलेली हवी. पांढऱ्या रांगोळीत चाळलेली राख मिसळली की परग्रहाची उत्तम धूळ तयार होते. हळिवाची हिरवळ उगवण्याचा मोह आवरावा. त्या मानाने एकेक रोप ताडाएवढे दिसेल.

चित्रण सकाळच्या उन्हात करावे. सेकंदाला २४० चौकटी टिपताना प्रत्येक चौकटीला फार थोडा प्रकाश मिळतो, आणि घरातील बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होत असतात. एरवी डोळ्यांना न जाणवणारी ही लुकलुक मंदगतीत ठळक दिसते. कॅमेरा रुळांच्या पातळीवर, शक्यतो त्याहूनही खाली ठेवावा, म्हणजे यानामागे शेजारच्या इमारतीऐवजी केवळ आकाश येईल आणि आपण मान वर करून एखादी अजस्र वस्तू पाहत आहोत असा भास होईल. तीन मीटरचा रूळ अपुरा वाटला, तर तेच उड्डाण समोरून, बाजूने आणि मागून असे तीनदा टिपून जोडावे.

शेपटातील ज्वालेसाठी फुलबाजा वापरता येतो, पण तो मोठ्या माणसानेच लावावा, नळीच्या आत धातूचा डबा बसवून त्यात तो खोचावा आणि पाण्याची बादली हाताशी असावी. आगीला आणि पाण्याला लहान करता येत नाही, म्हणून ज्वाला फार जवळून दाखवू नये. अवकाशातील दृश्यांत धूर मुळीच नसावा हे बरे, कारण हवेत चित्रित केलेला धूर वर चढतो आणि सगळे बिंग फोडतो.

यानातील माणसे हा वेगळा विषय आहे. अँडरसन मंडळी आपल्या तंत्राला ‘सुपरमॅरियोनेशन’ म्हणत. संवाद आधी ध्वनिमुद्रित केले जात, आणि बाहुलीच्या डोक्यातील विद्युतचुंबकाला बारीक तारांमधून संकेत मिळाला की त्या संवादांबरोबर ओठ हलत. ते यंत्र डोक्यात मावावे म्हणून डोकी धडाच्या मानाने मोठी असत. अशा बाहुल्यांना चालणे मात्र नीट जमत नसे. पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना दोरीवरची चाल विश्वासार्ह करणे किती अवघड असते हे सांगायला नको. त्यावर या मालिकेने काढलेली युक्ती मला फार आवडते: पात्रांना शक्यतो बसवून ठेवायचे, आणि बाहेर जायचेच झाले तर उडत्या दुचाकीवर पाठवायचे. यानाबाहेर पडताना ही मंडळी शिरस्त्राण न घालता प्राणवायूची गोळी घेतात. शास्त्राच्या दृष्टीने हे हास्यास्पद आहे, पण ज्या बाहुलीच्या डोक्यातून तारा वर जातात, तिला शिरस्त्राण घालून पाहावे म्हणजे त्या गोळीचा मान राखावासा वाटतो. आपणही बाहुल्यांना खुर्चीत बसवावे, तंगूसऐवजी काळा बारीक दोरा घ्यावा, कारण तंगूस उन्हात चमकतो, आणि संवाद आधी मुद्रित करून मगच त्यावर हालचाल बसवावी.

मंदगतीत टिपलेला मूळ आवाज निरुपयोगी असतो. मिक्सरची घरघर मुद्रित करून चौपट सावकाश वाजवली की रॉकेटगाडीचा गडगडाट मिळतो. रॉबर्टचा आवाज स्वतः जेरी अँडरसन यांनी कृत्रिम स्वरयंत्राच्या साहाय्याने दिला होता. आपल्याकडे फिरत्या टेबलफॅनसमोर तोंड धरून बोललेले चालते, आणि त्याचा सराव बहुतेक मुलांचा आधीच झालेला असतो.

शेवटी चित्रफीत कृष्णधवल करावी. त्यामुळे रंगातील विसंगती आणि डिंकाचे डाग बरेचसे लपतात. मात्र ती मोठ्या पडद्यावर पाहिल्याशिवाय रूळ मोडू नयेत. मोबाइलवर अदृश्य असलेली दोरी तेथे हमखास दिसते, आणि मग दोरीवर खडूची राखाडी पूड चोळून पिशवी पुन्हा वर ओढावी लागते.