आपल्या अंगाचा पुतळा घरीच करताना

ठाण्यात नौपाड्यात मी घरी ब्लाउज शिवते. क्लासमध्ये मापं घ्यायला शिकवतात, पण छाती ३६ भरणाऱ्या दोन बायकांची पाठ सारखी नसते, हे टेपला कळत नाही. माझ्याच ब्लाउजचा उजवा खांदा कित्येक वर्षं घसरायचा. माप बरोबर, शिलाई बरोबर, तरी घसरायचा. म्हणून मी स्वतःचा पुतळा करायला घेतला, म्हणजे अंगावरच्या टी-शर्टवर चिकटपट्टीचे थर लावून उतरवलेला आपल्याच अंगाचा साचा.

जांभळी नाक्यावरून २ इंची डक्ट टेपची (जाड, मजबूत चिकटपट्टीची) तीन रिळं आणली. ब्लाउजखाली रोज घालतो तीच ब्रा घालायची, वर अंगासरशी जुना टी-शर्ट. गळ्याला स्वयंपाकघरातली प्लास्टिक फिल्म गुंडाळायची. हे एकटीचं काम नाही; मला नणंदेने मदत केली.

छातीवर लांब पट्टी गरगर गुंडाळू नका. छाती दबते आणि पुतळा सपाट होतो. तिथे ४-५ इंचांचेच तुकडे, खालून वर आणि तिरपे लावायचे. पाठीला, पोटाला लांब पट्ट्या चालतात. पहिला थर आडवा, दुसरा उभा, तिसरा तिरपा. मी नकळत पोट आत ओढत होते. नणंद म्हणाली, "वहिनी, श्वास सोडा, नाहीतर ब्लाउज पण असाच श्वास धरून घालावा लागेल." तिचं अगदी खरं होतं.

याला दीड-दोन तास जातात. आपल्या दमट हवेत हे थंडीतच करा, पंख्याखाली. मध्ये पाणी प्या आणि गुडघे ताठ धरून उभ्या राहू नका, भोवळ येते.

सोडवण्याआधी कंबरेला नाडी बांधून मार्करने खूण करा, पुढचा मध्यही आखा. मग बोथट टोकाच्या कात्रीने पाठीच्या मधोमध टी-शर्टसकट कापायचं. आतली ब्रा सांभाळा. काप टेपने जोडला की खांद्यात हँगर, हाताच्या भोकांना आणि तळाला पुठ्ठा. भरायला उशीतला फायबर घ्या, चिंध्यांनी पुतळा जड होतो. ठासून भरलात तर माप वाढतं, म्हणून भरता भरता मापाची टेप लावून बघत राहा. टाचण्या टेपच्या गोंदाने चिकट होतात, तेव्हा वरून होजिअरीचं कापड चढवा.

पुतळा टेबलावर ठेवला तेव्हा समोरूनच दिसलं: उजवा खांदा डाव्यापेक्षा अर्धा इंच खाली. आता माझ्या कागदी कटिंगवर मी उजवा आणि डावा खांदा वेगवेगळा काढते.