सिरियलचा रायटर ते डायरेक्टर, कोल्हापुरातनं कसं जमवायचं

पहिलं म्हणजे भावा, डायरेक्टर व्हायचंय म्हणून लिहिणं सोडू नका. भालजी पेंढारकर आपल्याच गावचे, कथा, संवाद, 'योगेश' नावानं गाणी, सगळं लिहीतच डायरेक्शन केलं आणि 1991 चा फाळके पुरस्कार घेतला. परेश मोकाशीही नाटकं लिहीत, बसवत आले आणि त्यांचा पहिलाच पिक्चर 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' 2009 ला भारतातर्फे ऑस्करला गेला. लिखाण हेच आपलं भांडवल.

आता कामाचं. आपलाच एक सीन घ्या आणि संवाद उडवून बघा. समजा गंगावेशीत दूध कट्ट्यावर बाप-लेक उभे आहेत, पोरगं पुण्याला निघालंय. रायटर म्हणून आपण बापाला आठ वाक्यं देतो, घर, शेती, आईची तब्येत, सगळं कोंबतो. डायरेक्टर म्हणून विचार करा, बापानं स्वतःचा अर्धा ग्लास पोराच्या ग्लासात ओतला आणि पैसे द्यायला पुढं गेला, बास की! मग कॅमेरा बापावर ठेवायचा का ग्लासवर, हे ठरवता आलं की निम्मं डायरेक्शन आलं.

दुसरं, सेटवर जावा. सिरियलला कथा, पटकथा, संवाद बऱ्याचदा वेगवेगळी माणसं लिहितात आणि संवादवाला घरात बसून सीन पाठवतो, शूटिंगला त्याचं काय होतं ते त्याला थेट टीव्हीवरच दिसतं. मोरेवाडीच्या चित्रनगरीत किंवा आसपास कुठं शूटिंग लागलं की असिस्टंट म्हणून घुसा, कंटिन्युटी मिळाली तर उत्तम, कुठल्या वाक्याला ग्लास कुठल्या हातात होता, बाही दुमडलेली का सरळ, हे लिहून ठेवायचं काम. पैसे किरकोळ, दमणूक बेक्कार, पण एक पान शूट करायला किती वेळ जातो ते तिथंच कळतं, आणि मग 'रात्र, पाऊस, यात्रेची गर्दी' असलं लिहिताना हात आपोआप आखडतो.

मग पाच मिनिटांची शॉर्टफिल्म. मोबाईलवर चालतंय, पण माईक चांगला घ्या, चित्र थोडं खराब असलं तर लोक बघतात, आवाज खराब असला की लगेच बंद करतात. कलाकार राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर बघून ठेवा, तयारीची माणसं असतात. एडिटिंगला स्वतः शेजारी बसा आणि आपलं लाडकं वाक्य कापायला सांगितलं तर भांडू नका.

आणि स्क्रिप्ट कुणालाही पाठवायच्या आधी मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडं ऑनलाईन रजिस्टर करा, चहाच्या गाड्यावर गोष्ट सांगत बसू नका लगा.