सोलापूरहून पुण्याची वाट प्रोलॉगला कशी विचारावी

प्रोलॉग या संगणकभाषेला रीत शिकवायची नसते. माहिती आणि नियम द्यायचे, उत्तर तिने शोधायचे. १९७२ साली फ्रान्समधल्या मार्सेत अलाँ कोल्मेरोअर आणि फिलिप रूसेल यांनी ही भाषा घडवली. तर्कातला नियम थेट चालवता येतो, हा विचार रॉबर्ट कोवाल्स्की यांचा. तिची ताकद आणि तिची अडचण, दोन्ही सात ओळींत दिसतात.

प्रोलॉग चालवणारा एसडब्ल्यूआय-प्रोलॉग हा प्रोग्राम मोफत मिळतो. ‘मार्ग’ नावाची पीएल (.pl) फाइल यूटीएफ-८मध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरे जपणाऱ्या मांडणीत, साठवा:

रस्ता(सोलापूर, मोहोळ).
रस्ता(मोहोळ, टेंभुर्णी).
रस्ता(मोहोळ, पंढरपूर).
रस्ता(टेंभुर्णी, इंदापूर).
रस्ता(इंदापूर, पुणे).

पोहोच(_अ, _ब) :- रस्ता(_अ, _ब).
पोहोच(_अ, _क) :- रस्ता(_अ, _ब), पोहोच(_ब, _क).

‘:-’ म्हणजे ‘जर’, आणि त्यापुढच्या दोन अटींमधला स्वल्पविराम म्हणजे ‘आणि’. _अ, _ब, _क हे चल, म्हणजे कोणत्याही गावासाठी मोकळ्या ठेवलेल्या जागा. प्रोलॉगमध्ये चल कॅपिटल अक्षराने किंवा अधोरेषेने सुरू होतो. देवनागरीत कॅपिटल अक्षर नाही, म्हणून चलाआधी अधोरेषा हवीच. ती विसरलात तर ‘अ’ हे एखाद्या गावाचेच नाव ठरते. ओळीअखेरचा टिंबही सुटू देऊ नका.

त्याच फोल्डरमधून प्रोलॉग उघडून [मार्ग]. लिहा. मग विचारा:

पोहोच(सोलापूर, _कुठे).

मोहोळ येते. अर्धविराम दाबत गेलात की टेंभुर्णी, पंढरपूर, इंदापूर, पुणे. आता उलटे विचारा: पोहोच(_कुठून, पुणे). एकही ओळ न बदलता पुण्याला पोहोचणारी गावे मिळतात. हे सौंदर्य दुसऱ्या भाषांत सहज मिळत नाही.

आता परतीचा रस्ता, रस्ता(मोहोळ, सोलापूर)., बाकीच्या रस्त्यांच्या खाली जोडा, फाइल पुन्हा चढवा आणि सोलापूरहून हैदराबाद विचारा. उत्तरच येत नाही: सोलापूर, मोहोळ, पुन्हा सोलापूर अशी फेरी चालू राहते. कंट्रोल-सी, मग ए दाबून थांबवा. दुसऱ्या नियमात ‘पोहोच’ आधी लिहिलेत तर मेमरी भरत जाऊन १ जीबीच्या मर्यादेला अडते. कारण एकच: प्रोलॉग वरून खाली, डावीकडून उजवीकडे, एकच वाट खोलवर धरते. टेबलिंगची सूचना ‘पोहोच’वर लावली की आधी विचारलेला प्रश्न लक्षात ठेवला जातो आणि फेरी तुटते.

दुसरी चूक जास्त फसवी. परतीची ओळ काढून अक्कलकोट विचारा, ‘फॉल्स’ येते. रस्ता तर आहे! पण लिहिलेला नाही, आणि प्रोलॉगच्या लेखी न लिहिलेले ते खोटे. १९८२मध्ये जपानने पाचव्या पिढीच्या संगणकांचा प्रकल्प तर्काधारित भाषेवर उभारला. त्या काळच्या तज्ज्ञ-प्रणालींत, म्हणजे तज्ज्ञाचे ज्ञान नियमांत मांडून सल्ला देणाऱ्या प्रोग्रामांत, माणसांकडून माहिती काढून ती नियमांत बसवणे हेच कष्टाचे काम होते.

हे काम आता भाषा-मॉडेल, म्हणजे मजकूर वाचून-लिहून देणारी एआय, करू शकते. एसटीचे वेळापत्रक देऊन त्याच्याकडून फक्त ‘रस्ता’च्या ओळी लिहून घ्या, निष्कर्ष प्रोलॉगला काढू द्या. मॉडेल अंदाज बांधते, प्रोलॉग दिलेल्या ओळींपलीकडे जात नाही. मात्र ओळी स्वतः तपासा: एका जागी ‘टेंभुर्णी’ आणि दुसरीकडे ‘टेंभूर्णी’ आले, तर ती दोन वेगळी गावे होतात आणि पुण्याची वाट तिथेच तुटते.